पसाभर कोंड्याची लेक

कोंड्याला वास असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? शिळ्या, पोत्यात दबून बसलेल्या कोंड्याविषयी मी बोलत नाही. नुकत्याच मिलमधून गळलेल्या, मुठीत घेतला तर अजून ऊन लागणाऱ्या धानाच्या कोंड्याविषयी बोलते आहे. किंचित गोड, किंचित तेलकट, नाकपुड्यांत हुळहुळून आता शिंक येते की काय असं वाटायला लावणारा तो वास! हिवाळा लागला, शेताशेतांतलं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपू लागलं, धानाची पोती घेऊन ट्रॅक्टर मिलच्या दाराशी रांगेनं उभे राहिले, की आमच्या भंडारा जिल्ह्याच्या हवेत तो असा काही भिनतो की वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा तो लागतो. परगावच्या माणसाला तो नुसता धुरळा वाटतो. मला मात्र तो आला की छातीशी काहीतरी इवलंसं, उबदार, हलणारं आहे असा भास होतो आणि दोन्ही हात आपोआप ओंजळीला जुळतात. का जुळतात, तेच आज सांगायला बसले आहे.

मी लाखनीची. हमरस्त्यावरचं गाव; ट्रकांच्या हॉर्नवर झोपायचं नि ट्रकांच्या हॉर्नवरच उठायचं. डॉक्टरकीचं शिक्षण नागपुरात चाललं होतं, आणि मधल्या एका वर्षी आम्हा काही जणांना काही आठवड्यांसाठी आमच्याच जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या बालविभागात शिकायला धाडलं. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी जुन्या सवयीनं तिकडचीही लेकरं तिथं येत. तोवर मी मोठी माणसं तपासली होती. मोठं माणूस किती शहाणं! 'कुठं दुखतं?' म्हटलं की दाखवतं, 'श्वास घ्या' म्हटलं की घेतं, दुखलं तरी आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हसतं. आपल्याला आता बरंच येतं, असा गर्वाचा लहानसा फुगा मी मनात फुगवून ठेवला होता. लेकरांनी तो पहिल्याच सकाळी फोडला. पांढरा कोट घालून मी ऐटीत दारात उभी राहिले मात्र, आणि एका कोपऱ्यात सुरू झालेलं रडणं खाटेखाटेनं पसरत पार दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेलं. एक आजी तर स्पष्टच म्हणाल्या, "ओ बाई, थो कोट काढून या ना जी. सुई देनारी समजून राह्यले लेकरं." काढला बाई कोट!

विभागाच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत. बुटक्या, चपळ, आवाज खणखणीत; पण लेकराच्या अंगाला हात लावताना तोच आवाज अस्सा खाली यायचा की पुढच्या खाटेवर ऐकू जाऊ नये. स्टेथोस्कोप आधी आपल्या तळहातावर ऊन करायचा, लेकरू आईच्या मांडीवरून उचलायचं नाही, घसा नि कान सर्वांत शेवटी, आणि श्वास मोजायचा तो ते झोपलेलं असताना, अंगाला हात न लावता, नुसतं पोट पाहत. हे सगळं ग्रंथात लिहिलेलं होतंच की! पण ग्रंथातलं वाक्य हातात उतरायला किती वेळ लागतो! आंबागडचं एक चिमुरडं छातीत कफ घेऊन आलं होतं; आधी माझ्या प्लॅस्टिकच्या ट्रॅक्टरची छाती तपास, त्याचं इंजिन खोकून राहिलं, असा त्याचा हट्ट. मी ट्रॅक्टर तपासला, औषध सांगितलं, आणि मगच त्यानं आपला शर्ट वर केला. हसू नका! मोठ्यांच्या वॉर्डात वर्षभर हिंडून मला जे उमजलं नव्हतं ते त्या ट्रॅक्टरनं शिकवलं. रोगापर्यंत जायची वाट रोग्याच्या मर्जीतूनच जाते, आणि ती मर्जी मागून मिळत नाही, थांबून मिळते.

वॉर्डाच्या टोकाला एक लहान खोली होती, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची. तिथं पाऊल ठेवताना आवाज आपोआप खाली जायचा. आपल्या तळहातावर मावतील अशी लेकरं, पातळ कातडीची, म्हाताऱ्या माणसांसारख्या सुरकुतल्या कपाळाची. पाहताना भीती वाटायची आणि नजरही हटायची नाही. जगायचं कसं हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नसतं, तरी ती जगत असतात, हे केवढं नवल! यंत्राच्या उबेतून बाहेर काढण्याइतकं बाळ सावरलं की मॅडमचा एकच हुकूम असे: आता आईच्या उघड्या छातीशी. बाळाला नुसतं लंगोट-टोपडं, आईच्या दोन्ही स्तनांमध्ये उभं, वरून फडक्यानं बांधलेलं, तासन् तास. आईच्या अंगाच्या उबेनं बाळ तापतं, तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला शिकतं, दूध पिऊ लागतं, वजन धरतं. सगळ्या सिस्टर त्याला 'कांगारू' म्हणत, आणि खेड्यातल्या बायाही दोन दिवसांत 'माहं कांगारू झालं काय जी?' असं विचारू लागत. त्या खोलीत बसून आयांना बाळ बांधायला शिकवणं, हे माझं काम ठरलं. आणि तिथंच वनिता भेटली.

वनिता आंधळगावच्या बाजूची, शेतकऱ्याघरची, साधारण माझ्याच वयाची. उभट चेहरा, खाली पाहणारे डोळे. बाळ फार लवकर जन्मलं होतं म्हणून गाडीनं थेट इकडं आणलेलं. मुलगी, दीड किलोच्याही आतली. नवरा धानाच्या चुरण्यात अडकलेला, येऊन जाऊन असायचा. सासू गुरांपाशी घरी. म्हणजे बाळाला वनिता आणि वनिताला बाळ, एवढाच संसार. बाळ यंत्रातून बाहेर आलं त्या सकाळी मी उत्साहानं फडकं घेऊन गेले, आणि वनिता भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी नाही घेत जी." मला वाटलं, लाजते. पडदा लावला. तरी नाही. मला वाटलं, भिते. दुसऱ्या बाईचं बाळ दाखवलं. तरी नाही. "तुमीच घ्या. थे माहं नोहोय."

माहं नोहोय!  खोलीभर कुजबुज सुरू झाली. मुलगी झाली म्हणून करत असेल, एक म्हणाली. मनानं खचली असेल, दुसरी म्हणाली. त्यातून आणखी एक प्रकार होता. बाळाच्या मनगटावर आईच्या नावाची पट्टी बांधलेली असते, अदलाबदल होऊ नये म्हणून. वनिताच्या बाळाची पट्टी रोज नाहीशी व्हायची. मोठ्या सिस्टर कपाळावर हात मारून घेत, नवी बांधत, नि ओरडत, "अगं, लेकरं बदलली तर कोणाच्या जिवाला घोर?"  पट्टी वनिताच सोडते, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मी स्वभावानं तापट आहे, माझी आई म्हणते तव्यावरची मिरची. मलाही राग यायचा. इवली मुलगी तिथं उबेसाठी अंग आखडून पडलेली, वजनाचा काटा पुढं सरकायचं नाव घेत नाही, बाहेर हिवाळा दिवसेंदिवस कडक होतो आहे, आणि जिच्या अंगात ऊब आहे ती भिंतीकडे पाहत बसलेली! मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला दुसऱ्या कुणाच्या उबेवर फार दिवस काढता येणार नाहीत. आई पाहिजे. पुस्तक मिट आणि तिच्याजवळ जाऊन बस."

बसले. आणि बसल्यावर दिसू लागलं. दुधाची वेळ झाली की कुणी सांगायच्या आत वनिता वाटी घेऊन हजर असायची. स्वतः पिळून काढलेलं दूध सिस्टरच्या हाती देताना तिची बोटं वाटीवरून लवकर सुटायची नाहीत. सिस्टर चमच्यानं पाजत तोवर ती दाराबाहेर उभी राही, पाठमोरी, पण मान अशी किंचित कललेली की गिळण्याचा आवाज तरी ऐकू यावा! जिला बाळ नको असतं तिला दूध असं वेळेवर आठवतं का? छे! ही नकोशीची गोष्ट नव्हे, एवढं माझ्या मठ्ठ डोक्यात एकदाचं शिरलं. त्या दुपारी बाया वॉर्डाच्या ओसरीत ऊन खात बसल्या होत्या. वनिता एकटीच टोकाला. मी डब्यातलं संत्रं सोललं, अर्धं तिच्या हातावर ठेवलं नि काहीच विचारलं नाही. रुग्णालयाच्या मागेच असलेल्या धानाच्या मिलचा वास येत होता. तिनं तो खोल ओढून घेतला आणि आपणहून म्हणाली, "हिची विक्रीच नाही झाली जी. म्हनून."

मग सगळं आलं. याआधी दोन लेकरं. दोन्ही अशीच हिवाळ्यात जन्मलेली, दोन्ही अशीच लहान. "पहिल्याले त मी छातीवरून खालीच ठेवत नव्हती. नाव ठेवलं, करगोटा बांधला, साऱ्या गावाले दाखवलं, पाहा माहा लेक. दुसरीलेही तसंच. नेलं जी दोघायलेही." आमच्या इकडं जिची लेकरं जगत नाहीत तिचं नवं लेकरू जन्मल्याबरोबर सुपात घालतात आणि दुसऱ्या घरची, रक्ताच्या नात्यात नसलेली बाई पसाभर कोंडा देऊन ते विकत घेते. मग मरण दारात आलंच तर त्याला सांगायचं, इथं आमचं लेकरू नाही रे बाबा, हे शेजारणीचं, आणि तेही कोंड्याच्या मोलाचं! आई पाजते, न्हाऊ घालते, पण परक्याचं लेकरू सांभाळणाऱ्या दाईसारखी. गावात सगळी तयारी होती, सूप होतं, घेणारी म्हातारी ठरली होती. पण ही वेळेआधीच आली आणि गाडीत घालून थेट इथं. विकायची राहूनच गेली. "आता मी हिले छातीशी धरली, अना त्यानं पाहिलं, माहीच हाय म्हनून, त?" 'त्यानं' म्हणजे कुणी, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मनगटावरची पट्टी का सुटायची, तेही मग सांगावं लागलं नाही.

पाहा तरी, केवढं उफराटं हे प्रेम! बाळ जगावं म्हणून तिनं त्याला दूर सारलं होतं, आणि दूर सारलं होतं म्हणूनच ते जगतं की नाही अशी पाळी आली होती. मी तिला समजावलं. वजन, ऊब, अपुरे दिवस, सगळं सोपं करून सांगितलं; आधीची दोन कशानं गेली असतील, तेही. ती मान डोलवत ऐकत राहिली, एक शब्द खोडला नाही. आणि शेवटी म्हणाली, "खरंच असन जी तुमचं. मंग तुमीच घ्या ना विकत." वॉर्डातल्या बायांना विचारून झालं होतं तिचं. पण जिचं स्वतःचं लेकरू नळीवर आहे ती दुसरीचं संकट अंगावर कशाला घेईल? "तुमी डॉक्टर हा. तुमच्या हातून न्यायले थो भिईन."

आता माझी पंचाईत ऐका. आमच्या घरी आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला तेव्हाच गंडे-दोरे, अंगारे-धुपारे, सुपं-कोंडे सगळे उंबऱ्याबाहेर गेले ते गेलेच. बाबा शाळामास्तर, मांजर आडवं गेलं तर तिला बिस्कीट टाकणारे. अशा घरची मुलगी, विज्ञान शिकलेली, ओसरीत बसून कोंड्यानं लेकरू विकत घेणार? लोकांना शहाणं करायला म्हणून शिकायचं आणि पहिल्याच फेरीत आपणच सूप हाती धरायचं? तर मग नाही म्हणू? आणि ती मुलगी? रविवारी मी लाखनीला गेले ती या गुंत्यासकट. बाबा अंगणात उन्हात बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होते. मी शेजारी बसून सोलू लागले आणि सगळं सांगितलं. बाबांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाले, "कोंड्यानं लेकरू वाचते काय?" मी म्हटलं, नाही. "मंग कशानं वाचते?" आईच्या छातीनं, मी म्हटलं. "मंग थे छाती ज्या दारातून मिळते त्या दारातून आन ना बाई. दार आपल्या पसंतीचं नाही म्हणून लेकराले बाहेर थंडीत ठेवशील काय?"  दोन शेंगा सोलून झाल्यावर चष्म्यावरून पाहत त्यांनी आणखी एक जोडलं, "पन घेशील त खरं घेजो. नाटक करशील त थे बाई ओळखन. अना मागून तिले समजावनंही सोडू नोको."

मॅडमना विचारणं भाग होतं. त्यांनी सगळं ऐकलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "खोलीत सूप यायचं नाही, कोंडा यायचा नाही. जे काय असेल ते ओसरीत. बाळाला हात लावण्याआधी दोघींनी कोपरापर्यंत हात धुवायचे. बाकी मी काही ऐकलेलं नाही." मी मिलवर गेले. अंगभर कोंड्यानं माखलेले मिलवाले काका कमरेवर हात ठेवून हसले, "काय बाई, होस्टेलात कोंबड्या पाळल्या काय?" नाही, मी म्हटलं, पोरगी विकत घ्यायची आहे. त्यांचं हसू थांबलं. आणखी काही न विचारता त्यांनी ढिगाकडे गेलेला माझा हात अडवला, "तिथला शिळा नोका घेऊ जी," आणि यंत्राच्या तोंडाशी माझी ओंजळ धरायला लावली. ऊन ऊन कोंडा माझ्या हातांत गळू लागला. ओंजळ तशीच धरून, वाऱ्यानं उडू नये म्हणून पाठ वाऱ्याकडे करत, मी अशी आडवी आडवी चालत रुग्णालयात आले. वॉचमननं मला वेड्यात काढलं असणार!

वनिता ओसरीत उभी होती. तिनं पदर पसरला, मी ओंजळ रिकामी केली. तिनं गाठ मारली. आम्ही दोघींनी कोपरापर्यंत हात धुतले, शेजारी शेजारी, एकाच नळाखाली.  खोलीत आल्यावर ती हळूच म्हणाली, "मोठ्यानं म्हना. साऱ्यायले आयकू गेलं पायजे." मी मुलीला उचललं. तोवर मी तिला तपासताना कितीदा उचललं होतं! पण त्या क्षणी तिचं डोकं माझ्या तळहातात टेकलं, आणि बाबांचं 'खरं घेजो' आठवलं. शब्द म्हणणं सोपं वाटत होतं. पण खरोखर घ्यायचं म्हणजे उद्या हिचा काटा खाली आला तर रडायचं ते माझं रडणं, हिला ताप आला तर जागायचं ते माझं जागणं. आहे तयारी? असेल नसेल, मी म्हणून गेले, "ऐका हो सगळ्या! ही पोरगी मी घेतली. आजपासून ही माही." सिस्टर दाराशी तोंडाला पदरासारखा रुमाल लावून उभ्या होत्या. मग मी वनिताकडे वळले. "वनिताताई, माह्या पोरीले लय थंडी वाजून राहिली. मले कामं आहेत. धरता काय जरा छातीशी?"

ती खाटेवर बसली. बटणं काढताना तिला घाई झाली होती, एक तर तुटूनच पडलं. मी मुलीला तिच्या छातीवर उभी ठेवली, फडकं गुंडाळलं, गाठ मारली. वनितानं आधी हात वर, हवेतच धरले, जणू अजून परवानगी पुरती मिळाली नाही. मग हळूच दोन्ही तळवे त्या पाठीवर टेकवले. मुलीनं एक लहानसा उसासा टाकला, अंग सैल सोडलं, आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा तिच्या मुठी उघडल्या. वनिताच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज मात्र परक्या बाईचा तोऱ्यातला, "तुमची पोरगी लयच बारीक हाय जी. खायले देत नाही काय तुमी?" सगळी खोली हसली, आणि मी तोंड धुवायचं निमित्त काढून बाहेर पळाले.

त्यानंतर वनिता तिला खाली ठेवीना! जेवताना, बसताना, उन्हाच्या तुकड्यात भिंतीला टेकून डुलकी घेताना, मुलगी आपली तिच्या छातीशी. काटा आधी थबकत, मग धीटपणे पुढं सरकू लागला. मनगटावरची पट्टी आता जागची हलत नसे. मोठ्या सिस्टरनी टोमणा मारलाच, "काय वं, आता नाव चालते काय?" तर वनिता शांतपणे म्हणाली, "राहू द्या जी. आता थे नाव खोटं हाय." घरी जायचा दिवस आला तेव्हा तिनं नाव ठेवायला मला सांगितलं, जिची पोरगी तिनंच ठेवावं. मी मैत्री ठेवलं. तिच्या तोंडी त्याचं 'मयत्री' झालं, पण तिला ते आवडलं. निघताना तिनं पदराची ती गाठ चाचपून पाहिली. मी त्या संध्याकाळी मोठ्या सिस्टरना उगाच विचारलं, आज खोली थंड आहे का हो? त्या म्हणाल्या, नाही, रोजच्यासारखीच आहे.

पुढं मी लेकरांचीच डॉक्टर झाले. दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. लाखनीला परत आले, हमरस्त्यापासून आत एका गल्लीत दवाखाना थाटला. पण त्याच्याही आधीपासून, मी शिकत होते तेव्हा लाखनीच्या घरी आणि मग दवाखान्यात, दर हिवाळ्यात चुरणं आटोपलं की वनिता यायची, नव्या तांदळाची पिशवी आणि मुलगी घेऊन. दारातूनच, बाकावरच्या साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "घ्या जी, पाहा तुमची पोरगी." मी वजन करायची, उंची मोजायची, दात पाहायची, बाबांना कबूल केल्याप्रमाणे समजावायचीही. वनिताताई, आता ही धडधाकट आहे, आता कशाला? ती हसायची. मुलगी कसली, वावटळ! काळीसावळी, खळखळून हसणारी, एका जागी उभी म्हणून राहायची नाही. मला ती 'आई' म्हणे. आणि वनिताला? वनिताला ती 'मावशी' म्हणे. वनितानंच शिकवलं होतं. 'मावशी, तहान लागली', 'मावशी, कडेवर घे ना.'  जिनं नऊ महिनेही पुरते न मिळता जन्मलेलं हे लेकरू आपल्या छातीवर उबवून मोठं केलं, तिला 'माय' ही दोन अक्षरं स्वतःच्या घरात ऐकू येत नव्हती! आणि ती अक्षरं होती माझ्याकडे, एका ओंजळीच्या बदल्यात आलेली. मी हक्कानं घ्यायची ती? खरं सांगू, मला ती फार आवडायचीही. त्या एका हाकेसाठी मी वर्षभर हिवाळ्याची वाट पाहत असे.

परवाच्या हिवाळ्यात वनिता आली ती एकदम मुकाट. तांदळाची पिशवी नव्हती. मुलीला बाकावर बसवून ती आत आली नि उभीच राहिली. "येत्या सालासाठी साळेत नाव घालाले नेलती जी हिले. मास्तरीन बाईनं विचारलं, कोनाची पोरगी? अना माह्या तोंडून शब्दच नाही निंघाला. उभीच राह्यली मी. पोरगीच म्हने, डॉक्टरीन बाईची. मास्तरीन माह्याकडं पाहे, मी भुईकडं पाहो." मग तिनं पदर पुढं घेतला. त्याला गाठ होती. "आता थो नाही नेत. मोठी झाली, साळेत चालली. तुमीच सांगत होत्या ना इतके वर्सं? मले परत देता काय जी?" परत विकत घ्यायची अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. बाबांनीही नव्हती ऐकली. मागून विचारलं मी. तिची तिनंच काढली असावी.

मी दोन्ही हात पुढं केले. तिनं गाठ सोडून ताजा कोंडा माझ्या ओंजळीत ओतला, आणि तोच वास आला. तुम्हाला वाटेल मला आनंद झाला. झालाच; याचसाठी तर इतकी वर्षं तिच्या मागं लागले होते! पण आनंदाआधी एक कळ आली छातीत, तीही सांगते. 'खरं घेजो' म्हणाले होते बाबा. खरं घेतलं की खरंच द्यावं लागतं. वॉर्डात म्हटलं होतं तसंच, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, मी म्हटलं, "ऐका हो! ही पोरगी मी वनिताताईंना दिली. आता ही त्यांची."

वनितानं रिकामा पदर झटकून खांद्यावर घेतला.  "माही," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, बाकाकडे वळून, "माही पोरगी हाय हे." इतक्यात मैत्री कंटाळून आत आलीच, पदर ओढत, "मावशी, चाल ना वं!" वनिता खाली बसली, तिच्या उंचीला आली. "मावशी नाही वं बाई. माय. माय म्हन." पोरीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं तिच्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं, लाजली, आणि नवी चप्पल पायात घालून पाहावी तसं हळूच म्हणून पाहिलं, "माय?"

गंमत वाटली असावी तिला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, गल्लीच्या वळणावर म्हणाली, आणि हमरस्त्याला लागल्यावर तर ट्रकांच्या हॉर्नवर ओरडून ओरडून म्हणत गेली, माय, माय, माय! आणि प्रत्येक हाकेला वनिता तितक्याच मोठ्यानं 'ओ' देत गेली. मी खिडकीशी उभी होते. ओंजळ तशीच भरलेली, कुठं रिकामी करावी कळेना. बाकावर एका तान्ह्यानं रडायला सुरुवात केली होती, त्याची आई दारातून आत डोकावत होती. मी कोंडा टेबलावरच्या वाटीत ठेवला, हात कोपरापर्यंत धुतले, आणि त्या बाळाला घ्यायला पुढं झाले.